डेल्मर क्रेनेकचा अंगठा

डेल्मर क्रेनेकने होडी विकायला काढली तेव्हा पोर्ट मॅन्सफील्डमध्ये कुणी कारण विचारलं नाही. गेल्या हिवाळ्यात होडी ट्रेलरवर ओढताना त्याचा उजवा अंगठा तारेत सापडला होता. डॉक्टरने तो शिवून दिला, पण त्यातली जाणीव परत आली नाही. कढत कॉफीचा मग धरला तरी अंगठ्याला पत्ता नसायचा.

टेक्ससच्या या किनाऱ्यावर पुरुषमाणूस मासे धरायला कास्टिंग रीळ वापरतो. ते गळाच्या काठीच्या वर बसतं, आणि गळ फेकला की त्याची फिरकी दोरीसकट गरगर फिरते. आमिष पाण्याला टेकतं त्या क्षणी फिरकी अंगठ्याने हलकेच दाबायची. उशीर झाला तर आमिष थांबतं, फिरकी थांबत नाही, आणि दोरीचा असा गुंता होतो की तो नखांनी सोडवत बसावं लागतं. डेल्मरने रिळातला फिरकी रोखणारा चुंबकाचा ब्रेक घट्ट करून पाहिला. आमिष पुढ्यातच पडू लागलं. डाव्या हाताने फेकून पाहिलं. आमिष शेजारच्या अंगणात पडलं आणि तिथे चरणारी हरणं पळून गेली. मग त्याने होडीवर पाटी लावली.

त्याची बायको ओलेटा फ्लोरिडाची. तिकडे सगळे स्पिनिंग रीळ वापरतात. ते काठीखाली लोंबतं आणि फेकताना त्याची फिरकी जागची हलत नाही. दोरी तिच्यावरून नुसती निसटत जाते. दोरी तर्जनीत धरायची आणि वेळेवर सोडायची, अंगठ्याला काम नाही. लग्नाला इतकी वर्षं झाली तरी गॅरेजमध्ये दोघांच्या काठ्या दोन वेगळ्या भिंतींवर होत्या. तिच्या रिळाला डेल्मर ‘अंडी फेटायचं यंत्र’ म्हणायचा.

रविवारी चर्चनंतर होडी बघायला गिऱ्हाईक येणार होतं. ओलेटाला होडी जायला नको होती. उजाडताना खाडीच्या मांडीभर पाण्यात उतरायचं, शेजारी शेजारी चालायचं, फारसं बोलायचं नाही. या नवराबायकोचं सगळ्यांत बरं जमायचं ते तिथेच. शनिवारी सकाळी तिने डेल्मरच्या दोस्ताला, रुबेन कांतूला, बोलावून घेतलं. डेल्मर त्याच्या मुलीचा धर्मपिता, म्हणून दोघं एकमेकांना कॉम्पाद्रे म्हणत.

“चल, कॉम्पाद्रे.”

“मी येऊन काय करू? सामानासारखा होडीत बसू?”

“सामान निदान कुरकुर करत नाही. चल.”

“माझी काठी घे,” ओलेटा म्हणाली.

“ते यंत्र? त्यापेक्षा घरी बसून आमलेट करतो.”

“आमलेट तरी कुठे येतं तुला!”

रुबेन हसला. डेल्मरही हसला, आणि हसल्यावर त्याला नाही म्हणता येईना.

खाडीच्या पूर्वेच्या उथळ पाण्यात तिघं होडीतून उतरले. तळाशी काटेवाले पाकट असतात, म्हणून पाय न उचलता घासत घासत पुढे गेले. वारा समोरून होता. डेल्मरने ओलेटाची काठी उजव्या हातात घेतली, दोरी तर्जनीत धरली आणि फेकली. आमिष वाऱ्यातही बरंच लांब गेलं.

मग सवयीने घोटाळा केला. कास्टिंगवाला उजव्या हाताने फेकतो, लगेच काठी डाव्या हातात घेतो आणि उजव्याने रीळ फिरवतो. डेल्मरने काठी डाव्या हातात घेतली. उजव्या बाजूला रीळ फिरवायची मूठ नव्हती. ओलेटाच्या रिळाची मूठ डावीकडे होती. त्याने विचार न करता काठीच पालथी केली. रीळ वर आलं, मूठ उजवीकडे आली, आणि तो ती उलटी फिरवू लागला.

“अरे देवा!” रुबेन ओरडला. “कॉम्पाद्रे, ते शीर्षासन करतंय!”

नेमकी तेव्हाच गळाला ट्राउट मासळी लागली. चांगली मोठी होती. डेल्मर काठी सरळ करू लागला, दोरी ढिली पडली आणि मासा गेला.

तो होडीकडे वळला. “झालं. उद्या तो माणूस येऊ दे.”

ओलेटा त्याच्या मागोमाग आली. “फेक कशी गेली?”

“फेक बरी गेली.”

“गुंता झाला?”

“नाही.”

“मग अडलं कुठे?”

डेल्मरने दोन्ही हात पुढे धरून पाहिले. “मुठीपाशी. ती भलत्याच बाजूला आहे.”

ओलेटा थबकली. “ती बदलता येते,” ती म्हणाली. “मला कधी गरजच पडली नाही, म्हणून डोक्यात आलं नाही.”

“बदलता येते?”

“इतकी वर्षं नावं ठेवलीस. एकदा हातात घेऊन पाहिलं असतंस तर तुलाही कळलं असतं.”

होडीच्या काठावर काठी टेकवून तिने स्क्रू काढला, मूठ पलीकडून ओवली आणि स्क्रू परत पिळला. डेल्मरने रीळ दोनदा फिरवून पाहिलं आणि पुन्हा पाण्यात उतरला.

फेकलं, काठी डाव्या हातात घेतली, उजव्याने फिरवलं. हात आपले आपण चालले. तिसऱ्या की चौथ्या फेकीला ट्राउट लागली, आणि ही हातात आली. तोवर रुबेनने वाऱ्याविरुद्ध जोरात फेकून आपल्या रिळाचा गुंता करून ठेवला होता. तो मान खाली घालून नखांनी दोरी उकलत होता.

“सावकाश, कॉम्पाद्रे,” डेल्मर म्हणाला. “माशांचं मी बघतो.”

“तोंड बंद ठेव.”

“पण या काठीने नेम बसत नाही,” डेल्मर बायकोला म्हणाला. “मला हवं तिथे आमिष पडत नाही. गवताच्या कडेला टाकायला गेलो, हातभर पलीकडे पडलं.”

“बसेल नेम,” ओलेटा म्हणाली. “उद्याच्या माणसाचं काय करायचं?”

डेल्मर पाण्याकडे बघत होता. गवताच्या कडेला छोटे मासे उसळत होते, म्हणजे खाली मोठे होते.

“लांबून येतोय बिचारा,” तो म्हणाला. “ट्राउट तळू, पोटभर जेवू घालू. होडी नाही दाखवायची.”

ओलेटाने मान डोलावली. ती त्याच्यापासून थोडी डावीकडे सरकली, म्हणजे दोघांच्या दोऱ्या एकमेकींत अडकणार नाहीत, आणि होडीतून आणलेल्या आपल्या दुसऱ्या काठीचा गळ सोडवू लागली.