आतली कडी

तोच बुधवार रोज उजाडायला लागला, तेव्हा कुलूपवाला आधी रडकुंडीला आला आणि मग त्याच्या डोक्यात हवा गेली. का नाही जाणार? रात्री झोपलं की दिवसभराचं सगळं पुसलं जायचं, पण त्याला मात्र सगळं आठवायचं आणि हाताला लागलेलं कसब हातातच राहायचं. होता होता त्याला दाद देणार नाही असं एकही कुलूप गावात उरलं नाही. बँकेची तिजोरीसुद्धा त्याने केसांच्या पिनेने उघडली, आत डोकावला आणि कंटाळून परत लावून टाकली.

उघडेना ते एकच दार, थोरल्या बहिणीचं. दाजींच्या शेवटच्या दुखण्यात हा एकदाही फिरकला नव्हता, म्हणून ती आतून कडी घालून बसलेली. कडीला किल्ली कुठून आणणार?

मग त्याने तिचे प्रश्नच पाठ केले. तिने "आता कशाला आलास?" म्हणायच्या आत याची सारवासारव तयार. कडी जागची हलायची नाही.

शेवटी एका बुधवारी "ताई, मी आहे," एवढंच म्हणून तो पायरीवर बसला. बऱ्याच वेळाने ती आतून बोलायला लागली. तिने दाजींचं सगळं दुखणं सांगितलं, याला शिव्या घातल्या, रडली. इतक्या बुधवारांत यातलं अक्षरही त्याच्या कानावर आलं नव्हतं. तो ऐकत राहिला.

संध्याकाळी कडी सरकली.

"कधीपासून येऊन बसलायस रे?"

"आजच आलो, ताई," तो म्हणाला. "उद्याही येईन."