रुद्राणीच्या सत्काराची चादर

मी सोलापुरी चादर बोलतेय. सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका मागावर मी विणले गेले, अंगावर मोर घेऊन. वाटलं होतं, कुणाच्या तरी थंडीत कामी येईन. पण एका शिक्षणप्रेमी मंडळानं मला विकत घेतलं आणि मी सत्काराची झाले. सत्काराच्या चादरीला थंडी ठाऊक नसते, भाषणं ठाऊक असतात.

चौऱ्याहत्तर साली रुद्राणी मॅट्रिकला शाळेत पहिली आली. तिला वडील नव्हते. आई महादेवी अक्कलकोटकडची. मायलेकी विड्या वळून घर चालवायच्या. मंडळाला असाच विद्यार्थी हवा होता. हुशार पुष्कळ मिळतात, पण हुशार आणि वर इतका गरीब दरसाल कुठला मिळायला?

सत्काराच्या दिवशीच कॉलेजच्या प्रवेशाची मुदत संपत होती. फी माफीसाठी गरीब असल्याचा दाखला लागायचा, आणि तो कचेरीतून हाती पडायलाच शेवटचा दिवस उजाडला. तिची गरिबी साऱ्या गल्लीला दिसत होती, फक्त तिच्यावर शिक्का उमटायचा राहिला होता.

अध्यक्ष रावजी बोलायला उभे राहिले. गरिबी हीच खरी शाळा, असं त्यांनी सांगितलं. त्यांची मुलं मात्र पुण्याला शिकत होती. रुद्राणी खुर्चीच्या कडेवर बसली होती. दोनदा तिनं जाऊ का म्हणून विचारलं, दोन्ही वेळा थोडंच राहिलंय असं उत्तर मिळालं. तिसऱ्यांदा तिनं विचारलं नाही. उठली आणि चालू लागली.

मी रावजींच्या हातात उलगडलेली, आणि खांदा निघून गेलेला. फोटोवाला खोळंबला होता म्हणून त्यांनी मला महादेवीच्या खांद्यावर घातलं. तिच्या लुगड्याला तंबाखूचा वास होता.

रुद्राणी परतली तेव्हाही भाषणं चालूच होती. कॉलेजला कुलूप होतं. प्राचार्य, कारकून, सगळे आमच्याच मांडवात बसले होते, तिच्या कौतुकाला.

ती अर्ज घेऊन मंचासमोर उभी राहिली. प्राचार्य चनबसप्पा प्रेमळ गृहस्थ. उद्या ऑफिसात ये, म्हणाले.

"उद्या मुदत संपलेली असंल, सर."

नियम सगळ्यांना सारखे असतात, हे त्यांनी तिला हळुवारपणे समजावलं. पुढे केलेला अर्ज तिनं खाली घेतला नाही.

तेवढ्यात महादेवी उठली. घरात कानडी, मराठी बेताचंच. तिनं मला खांद्यावरून काढलं, नीट घडी घातली आणि प्राचार्यांपुढं ठेवलं.

"ही तुमची तुमालाच ऱ्हाऊ द्या. पोरीला सही द्या की."

प्राचार्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग लोकांकडे पाहिलं. शेवटी माझ्याच घडीवर अर्ज ठेवून त्यांनी सही केली. रावजींनी लगेच माइक घेतला आणि मंडळाच्या प्रयत्नांनी प्रवेश मिळाल्याचं जाहीर केलं. टाळ्या पडल्या. मायलेकी तोवर मांडवाबाहेर गेल्या होत्या.

आता मी मंडळाच्या कपाटात असते. शिपाई सांगत होता, रुद्राणी शेवटच्या वर्षाला आहे, सकाळी विड्या वळून मग कॉलेजला जाते. महादेवीनं मला न्यायला नकार दिला तेव्हा वाईट वाटलं होतं, पण तिचं बरोबर होतं. दर जूनमध्ये मला एखाद्या नव्या खांद्यावर घालतात आणि फोटो झाला की परत घेतात. मंडळ काटकसरी आहे.

माणसांनो, मला खुशाल कुणाच्याही अंगावर घाला. फक्त त्याआधी एवढं विचारा, बाळ, तुला कुठं जायची घाई तर नाही ना?