बारा वर्षांचं मागणं

अंगठ्याच्या नखाएवढं झाकण, त्याला बारीक आटे, आणि आट्यांत बसलेला गुलाल... पाण्यात कपडा बुडवायच्या आधी खिसा चाचपायची सवय होती म्हणून बरं, नाहीतर बादलीभर पाणी लाल झालं असतं. मार्थानं ती पितळी डबी ओल्या तळहातावर धरली. आबांची, तिच्या वडिलांची डबी, त्यांच्याच सदऱ्याच्या खिशातली. मुरगूडला माहेरी ती देवळीत असायची. आंघोळ झाली की आबा बोटानं गुलाल टिपायचे, जोतिबाचं नाव घेऊन कपाळाला लावायचे, आणि बोटाला उरलेलं तिच्या कपाळावर पुसायचे — पण तेव्हा ती मार्था नव्हती, थोरली म्हणून सगळ्या घराची आक्का होती.

आणि इथं आल्यापासून आबांचं कपाळ मोकळं होतं. हे तिला आज दिसलं. पाच आठवडे रोज चार वेळा डोळ्यात थेंब घालताना ती त्याच कपाळावर हात टेकवत होती, आणि हाताखाली काय नाही हे हाताला कळलं नव्हतं.

डबी तिनं फळीवर ठेवली आणि सदरा धुवायला घेतला. मोतीबिंदूचं ऑपरेशन कोल्हापुरात करायचं ठरलं तेव्हा तिचा भाऊ जोतीराम आबांना घेऊन दारात उभा राहिला होता. "महिनाभर ठिव. दवाखाना तुला जवळ पडतोय," एवढंच बोलला, आणि पाणीसुद्धा न पिता परत गेला. तिनं शांतवनशी लग्न केलं, बाप्तिस्मा घेतला, त्याला बारा वर्षं झाली होती; बारा वर्षांत आबांनी या घराचा उंबरा ओलांडला नव्हता. त्या दिवशी ओलांडला. खाटेवर बसून, चांगल्या डोळ्यानं सगळीकडे बघून म्हणाले, "घर ल्हान हाय, पर उजेड हाय की."

मग तिन्हीसांजेची प्रार्थना. शांतवन कारखान्यातून आला, हातपाय धुऊन बसला, की तो बायबलमधला उतारा वाचायचा, त्यांची दहा वर्षांची लेक सलोमी गाणं म्हणायची, आणि मग एकेकानं प्रार्थना. लग्नाच्या पहिल्या आठवड्यापासून हे चुकलं नव्हतं. घर हीच पहिली मंडळी, पहिलं चर्च, असं चर्चचे पाळकसाहेब नेहमी सांगायचे, आणि शांतवन ते अक्षरशः धरून चालणारा माणूस. पहिले काही दिवस आबा स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी बसले. मग खाटेवर. मग सतरंजीच्या कडेला. आणि काल, आमेन झाल्यावर, पाय चोळत म्हणाले, "मला बी शिकवा की त्ये. नुसतं बसून काय करू?"

सकाळी बूट घालता घालता शांतवन थांबला होता. "रविवारी पाळकसाहेबांना बोलावू का गं घरी, आबांशी बोलायला?" त्याचे डोळे भरून आले होते. ती "हं" म्हणाली. हं म्हणजे काय... हो? की ऐकलं? बारा वर्षं ती ज्याच्यासाठी गुडघे टेकत आली ते आपल्या पायांनी चालत घरात आलं होतं, सतरंजीवर बसलं होतं, आणि तिला आनंद का होत नव्हता? की होत होता, आणि तोच हा, छातीत दगडासारखा? ती सदरा पिळत राहिली, पाणी निघायचं थांबलं तरी.

दुपारी थेंब घालताना तिनं विचारलं, "आबा, गुलाल नाही लावत तुम्ही?"

"डाक्टर म्हनला की. डोळ्याजवळ धुरळा नको."

"ते तीन आठवड्यांचंच होतं."

आबांनी डोळा मिटला. थेंब कडेनं ओघळला. "मग इसरलो आसंल," ते म्हणाले. आणि ती उठून दारापर्यंत गेल्यावर, "आन तुझ्या घरात बरं दिसंना म्हनून बी आसंल."

यातलं खरं कोणतं, हे तिनं विचारलं नाही. विसरले असतील तर... म्हातारपण. तिच्यासाठी सोडला असेल तर हे येणं देवाकडे होतं की लेकीकडे? आणि ती स्वतः बारा वर्षांपूर्वी आली ती तरी कुणाकडे आली होती, येशूकडे की शांतवनकडे? हा प्रश्न तिनं कधी स्वतःला विचारला नव्हता. आज तो आबांच्या नावानं आला म्हणून विचारता आला.

संध्याकाळी उतारा वाचून झाला. सलोमी आजोबांना चिकटून बसली होती. मध्येच म्हणाली, "आजोबा, आम्ही रोज तुमच्यासाठी प्रार्थना करायचो. तुम्ही आल्यापासून बंद केली."

शांतवननं तिच्याकडे पाहिलं, पण उशीर झाला होता.

"काय मागत हुता गं?" आबांनी विचारलं.

"तुम्ही आमच्यासारखे व्हावेत म्हणून."

आबा रागावले नव्हते, शेतात पाणी कुठवर आलं ते बघतात तसे समोर बघत होते. "आन मी जोतिबाला मागत हुतो," ते म्हणाले, "आक्का गेलीया तितं सुखात ऱ्हाऊ दे. बारा वर्सं मागतोय. मग आता मी हितं बसलोय, ती बी सुखात हाय... कुनाचं कुनी ऐकलं म्हनायचं, पावणं?" त्यांनी जावयाकडे बघितलं.

शांतवनला अशा वेळी नेहमी बायबलमधलं एखादं वचन आठवायचं. आज त्यानं पुस्तकाची दोन पानं पुढं उलटली, तीन मागं उलटली, आणि हळू आवाजात म्हणाला, "मार्था, आज तू प्रार्थना कर."

माना खाली गेल्या. आबांना डोळ्यामुळे अजून वाकायची मनाई होती, ते ताठच बसले. तिनं डोळे मिटले. एरवी शब्द आपोआप यायचे, मंडळीत शिकलेले, स्वच्छ, ओळीनं लावलेले. आज ते ओठांपर्यंत आले आणि तिथंच थांबले. मागायचं काय? आबांना तुझं कर, की आबांना आहेत तसे राहू दे? जे मागितलं ते नको म्हणायचीही प्रार्थना असते का? बाहेर कुणीतरी सायकल भिंतीला टेकवली. सलोमीनं एक डोळा उघडला असणार. शांतवनचा श्वास ऐकू येत होता, वाट बघणारा.

"देवा," ती म्हणाली, "मला काय उमगंनाच झालंय बघ."

आवाज ऐकून ती स्वतःच दचकली. या माहेरच्या बोलीत ती देवाशी कधीच बोलली नव्हती. पुढचं वाक्य आलं नाही, आणि ते आणायची घाईही तिला वाटेना; डोळे मिटून ती नुसती बसून राहिली, कुणीतरी ऐकत असल्यासारखी... कोण, ते तिला सांगता आलं नसतं.