मला गोल केलं त्यानंतर

मी बोंबो बोलतोय. बोंबो म्हणजे ढोल. मोठा, पोटाशी अडकवून काठ्यांनी वाजवायचा. मी चांगला वाजलो तर कोसभर ऐकू जातो. वाईट वाजलो तरी कोसभरच जातो, हा माझा दोष आहे.

माझा जन्म दुल्से नदीकाठचा. आधी मी झाड होतो, लाल फुलं यायची, पोपट बसायचे. मग डॉन सिरिआकोंनी (डॉन म्हणजे आमच्याकडे नुसतं 'राव') मला पाडलं, आतून कोरून पोकळ केलं आणि एका तोंडाला मेंढी, दुसऱ्या तोंडाला बकरी ताणून बसवली. केसांसकट. आमच्या सान्तियागो प्रांतात बोंबोचे केस काढत नाहीत. बकरीचं नाव पालोमा होतं. घरातलं शेंडेफळ तिला रोज पाव भरवायचं. त्याला सांगितलं होतं, पालोमा नदीपलीकडे मामाकडे गेलीय. एका संध्याकाळी डॉन सिरिआकोंनी मला पहिल्यांदा गळ्यात अडकवलं आणि पोरानं केस ओळखले.

त्या पोराचं नाव एलेउतेरिओ. आमची ओळख अशी झाली.

डॉन सिरिआकोंनी मला बारा वर्षं वाजवलं. गावच्या संताच्या जत्रेत चिंचेएवढ्या मोठ्या झाडाखाली वादकांच्या खुर्च्या मांडतात. व्हायोलिनवाल्या डॉन रोसेन्दोंच्या उजव्या हाताची खुर्ची बोंबोची. तिथं डॉन सिरिआको बसले की लंगडे लोकही चाकारेरा नाचायला उठायचे. मग ते वारले. वाजवता वाजवता नव्हे, दाढ काढताना.

मला स्वयंपाकघरात आडवं टाकलं. डॉन सिरिआकोंच्या बायकोची, डोन्या फिदेलियांची, बहीण एर्मेलिंदा मावशी रोज माझ्यावर बसून मका सोलायची. मावशीचं वजन किती, हे घरात कुणी विचारत नसे. मला विचारायची गरज नव्हती. दोन वर्षांत मी अंड्यासारखा झालो.

मग एलेउतेरिओ मोठा झाला आणि त्यानं मला उचललं. बापाची खुर्ची पोराला मिळते, आमच्याकडे तशी पद्धत आहे. वाजवता येतं का, हे विचारायची पद्धत नाही.

त्याला येत नव्हतं. हे मी पहिल्या तीन ठोक्यांतच ओळखलं. पण मी वाकडा होतो ना. माझं कातडं एकीकडे ताणलं की दुसरीकडे सैल पडायचं, कडं नीट बसायचं नाही, आवाज फाटायचा. त्यामुळे नाचणारे चुकले की सगळे माझ्याकडे बघायचे.

"त्याचा काय दोष, बोंबोच वाकडा आहे," डोन्या फिदेलिया म्हणायच्या. "माझं लेकरू वेळेवर मारतं. आवाज उशिरा निघतो."

"तो कसा काय?" कुणीतरी विचारायचं.

"अंड्याला फेरा लांब पडतो. आवाज फिरून येईपर्यंत वेळ जातो."

हे गावात सर्वांना पटलं. शाळेच्या मास्तरांनाही पटलं. नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात, इथं अंगण सपाट होतं म्हणून मी कामाला आलो. अकरा वर्षं मी एलेउतेरिओचा वाकडेपणा माझ्या अंगावर वागवला. तो मनापासून मानायचा की तो बापासारखाच वाजवतो, फक्त मधे मी येतो.

मग डॉन रोसेन्दोंचा धीर सुटला. वय त्र्याऐंशी, किती जत्रा राहिल्यात ते माहीत नाही. ते घरी आले, माते हा कडू पाल्याचा चहा नळीनं प्यायले, नळी पुसून परत दिली आणि म्हणाले, "एलेउतेरिओ, यंदा नीट वाजलं नाही तर खुर्ची मी झुनिल्दाला देणार."

झुनिल्दा म्हणजे शेजारची. चीज विकते. चीजचे रिकामे डबे बडवत रस्त्यानं जाते, तेवढ्यावर बायका दारात नाचतात.

"डॉन रोसेन्दो, ती माझ्या बापाची खुर्ची आहे."

"म्हणूनच अकरा वर्षं बसू दिलं. तुझा बाप रोज स्वप्नात येऊन शिव्या देतो मला."

"वाकडा बोंबो आहे, मी काय करू?"

"सरळ करून आण."

म्हणून मला इंदालेसिओ सुताराकडे नेलं. इंदालेसिओंना एक कान नाही. कुठं गेला, ते दर वेळी वेगळं सांगतात. त्यांनी मला उलटंसुलटं केलं, बोटानं वाजवून कान लावला, तोच तो एकुलता एक.

"लाकूड खणखणीत आहे," ते म्हणाले. "तीन आठवड्यांत गोल करतो. पण पोरा, एक सांग. हा गोल झाला की मग लोकांना काय सांगशील?"

"सांगायचं काय? वाजवीन."

"बरं," इंदालेसिओ म्हणाले, आणि माझ्या दोऱ्या सोडायला लागले. चांगला माणूस, म्हणून जास्तच क्रूर.

त्यांनी माझी दोन्ही कातडी काढली. पालोमा खुंटीवर गेली. मला ओल्या गोणपाटात गुंडाळून चार दिवस ठेवलं, वर गरम पाणी. लाकूड भिजलं की त्याचा अभिमान जातो. मग केब्राचोच्या कठीण लाकडाची एक गोल थाळी माझ्या आत हातोडीनं ठोकत बसवली. बाहेरून दोर आवळला, दोरात काठी घालून पीळ दिला. जिथं मी आत गेलो होतो तिथं आतून पाचर, जिथं बाहेर आलो होतो तिथं बाहेरून दोर. रोज सकाळी एक ठोका पाचरीला, अर्धा पीळ काठीला. घाई नाही. इंदालेसिओ ठोका मारायचे, माते प्यायचे, माझ्या रेषेला रेषा लागेपर्यंत नखानं चाचपायचे. "ओरडू नको," म्हणायचे. मी ओरडत नव्हतो, करकरत होतो. लाकडात तेवढाच फरक असतो.

तीन आठवडे भरले तेव्हा सावलीत सुकून मी बाहेर आलो. दोरी आडवी लावली, उभी लावली, तिरकी लावली, सगळीकडून सारखी. एवढा गोल मी जन्मलो तेव्हाही नव्हतो. कातडी चढवली. इंदालेसिओंनी एकच ठोका मारला आणि पलीकडच्या वाडीतली कुत्री उठली.

एलेउतेरिओ रडला. "बाबांचा आवाज," म्हणाला.

जत्रा आली. डोन्या फिदेलिया पहिल्या रांगेत, नव्या चपला. डॉन रोसेन्दोंनी व्हायोलिन हनुवटीखाली धरलं. जोड्या समोरासमोर उभ्या राहिल्या. एलेउतेरिओनं काठी उचलली.

मी स्वच्छ वाजलो. इतका स्वच्छ की प्रत्येक चूक वेगळी, सुटी, कोसभर ऐकू गेली. पहिल्या वळणाला पुरुष डावीकडे गेले आणि बायका अजून समोरच होत्या. दुसऱ्या वळणाला डॉन अब्दोन आणि त्यांची बायको, चाळीस वर्षं एकत्र नाचणारी, एकमेकांवर आपटली. तिचा दात हलला. डॉन रोसेन्दोंनी व्हायोलिन खाली घेतलं. तरी एलेउतेरिओ आणखी पाच ठोके वाजवत राहिला.

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. सवय होती. मग कुणीतरी पुढे होऊन माझ्या कडेवर बोट फिरवलं. पूर्ण फिरवलं.

"गोल आहे," तो म्हणाला.

मग सगळ्यांनी एलेउतेरिओकडे बघितलं. कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. मास्तर म्हणाले, "हवेत दमटपणा आहे," पण सहा महिने पाऊस नव्हता, त्यांचं त्यांनाच पटलं नाही.

डोन्या फिदेलिया उठल्या. मला वाटलं, आता काहीतरी नवं काढतील. अकरा वर्षं काढलं होतं. त्यांनी पोराच्या हातातून काठी घेतली, हळू, झोपलेल्या मुलाच्या हातातून भाकर घ्यावी तशी, आणि झुनिल्दाला दिली.

"ऊठ रे राजा," त्या म्हणाल्या. "लोक ताटकळलेत."

झुनिल्दानं पहाटेपर्यंत वाजवलं. माझ्याविषयी विचाराल तर एवढंच सांगतो, एर्मेलिंदा मावशीही नाचली.

दुसऱ्या दिवशी झुनिल्दा आणि डॉन रोसेन्दो मला मागायला आले. एलेउतेरिओ म्हणाला, "खुर्ची तुमची. बोंबो आमचा." ते गेल्यावर तो मला घेऊन परत इंदालेसिओंकडे गेला.

"होता तसा करून द्या."

"कसा होता?"

"वाकडा."

इंदालेसिओंनी रंधा खाली ठेवला. "मी सुतार आहे, पोरा. खोटं घडवायचं तर वकिलाकडे जा."

मग त्यानं स्वतःच केलं. आज सकाळी माझी कातडी कापली, मला विहिरीत बुडवून काढलं आणि अंगणात दोन ओंडक्यांच्या मधे घालून ट्रकच्या जॅकनं दाबायला सुरुवात केली. अर्धवट दाबून झाल्यावर त्याला झोप आली. आत्ता दुपारचे अडीच वाजलेत. मी ओला, भर उन्हात, दोन्ही बाजूंनी आवळलेला. ओलं लाकूड असं ठेवलं की वाकत नाही, फाटतं. वरच्या कडेपासून एक चीर निघालीय. मघाशी बोटभर होती, आता वीतभर आहे.

आणि फाटकाबाहेर झुनिल्दा उभी आहे. चीज देऊन परत चालली होती, करकर ऐकून थांबली. तिला चीर दिसतेय. फाटकाला आतून साखळी आहे, भिंतीवर काचा आहेत. एलेउतेरिओला उठवलं तर जॅक एका मिनिटात सैल होईल, मी वाचेन. कुणाला बोलवायचं तर आमच्याकडे फाटकाशी उभं राहून टाळ्या वाजवतात. पण दोन ते पाच नाही. ती झोपेची वेळ, तेव्हा कुणाच्याही दारात टाळी वाजवायची नाही, मग काहीही होवो. मागच्या वर्षी अकोस्तांचं कोठार जळलं, शेजाऱ्यांनी नीट बघितलं आणि पाच वाजता कळवलं. अकोस्तांनी आभार मानले.

तिनं डबे खाली ठेवलेत. दोन्ही हात वर आणलेत, समोरासमोर धरलेत. खिडकीकडे बघतेय. चांगल्या घरातली मुलगी आहे, हेच नडतंय.

चीर अर्ध्यावर आली.

झुनिल्दा, वाजव गं बाई. दोनच टाळ्या. तालात नसल्या तरी चालतील.