सहा सरळ, तीन वळणं

खेळण्यातल्या आगगाड्यांच्या आपल्या दुकानात अमीनने काचेच्या टेबलावर रुळाचे दोन तुकडे शेजारी शेजारी ठेवले. दोन्ही वाकलेले, एक जास्त, एक कमी.

"हे पंधरा इंची वळण, हे अठराचं," तो म्हणाला. "पहिल्यांदाच मांडणार असाल तर अठराचं घ्या. पंधराच्या वळणावर लांब डबे रुळावरून घसरतात. घरी जागा किती आहे?"

"पलंगाएवढी," मैनाबाई म्हणाल्या. "लेकीचा पलंग काढलाय. त्या जागी प्लायवूड टाकून घेतलंय."

"मुलगा केवढा आहे?"

मैनाबाईंनी शेजारी उभ्या नवऱ्याकडे पाहिलं. "सहासष्ट वर्षांचा."

अमीन हसला नाही. "बरंय मग. मोडतोड कमी होईल."

सर्जेरावांनी एक तुकडा उचलला आणि रुळाच्या कडेवरून अंगठा फिरवला. एकतीस वर्षं त्यांनी मालगाड्यांची इंजिनं चालवली होती. निवृत्तीनंतरही वारज्याच्या घरात ते तसे बरे होते. पण गेल्या श्रावणापासून त्यांची झोप उडाली, ताटातलं अन्न ताटात राहू लागलं. हाताला काहीतरी उद्योग द्या, असं डॉक्टर म्हणाले. कसबा पेठेतून जाताना एकदा ते या दुकानाच्या काचेशी बराच वेळ उभे राहिले होते, ते मैनाबाईंच्या लक्षात होतं. म्हणून आज त्यांनीच नवऱ्याला इथे आणलं होतं.

"पितळ?" सर्जेरावांनी विचारलं.

"पितळ नका घेऊ. काळं पडतं, वीज नीट जात नाही, गाडी अडखळते. हे निकेल सिल्व्हर आहे." अमीनने दोन तुकडे जोडून दाखवले. "बारा वळणांचा गोल होतो. मधे दोन्ही बाजूंना सरळ तुकडे घातले की लांबट होतो. तुमच्या जागेत चार-चार बसतील. एकदा सुरू केली की गाडी फिरत राहते."

"गोल नको. सहा सरळ द्या. आणि तीन वळणं."

अमीनने मनात मांडणी करून पाहिली. "तीन वळणांत गाडी काटकोनात वळेल आणि रूळ संपेल. पुढे?"

"पुढं काही नको."

"अहो, घ्या की गोल," मैनाबाई हळूच म्हणाल्या. "फिरती गाडी बघायला बरी वाटंल."

"तेवढंच पाहिजे मला."

"हौस आपली," अमीन म्हणाला. तो तुकडे मोजून एका इंजिनासोबत खोक्यात भरू लागला. "शेवटी एक अडसर देतो. नाहीतर इंजिन थेट फरशीवर जायचं."

घरी आल्यावर सर्जेराव लगेच कामाला लागले. प्लायवूडवर त्यांनी पेन्सिलीने रेघ मारली, प्रत्येक जोडावरून नख फिरवून पाहिलं, एक तुकडा केसाएवढा वर आला होता तर खाली कागदाची घडी घालून नीट बसवला. त्या रात्री ते दोन भाकरी जेवले. मैनाबाईंनी लेकीला फोन करून ते सांगितलंसुद्धा.

तिसऱ्या दिवशी दुपारी त्या चहा घेऊन खोलीत आल्या, तेव्हा सर्जेराव जमिनीवर गुडघे टेकून बसले होते. गाल प्लायवूडला लावून, एक डोळा मिटून ते रुळावरून पलीकडे पाहत होते. इंजिन सरळ रुळाच्या सुरुवातीला उभं होतं. वळणाच्या पलीकडे रुळांमध्ये उडदाचे दोन दाणे ठेवलेले होते. आणि वळणाच्या अलीकडे, सरळ रुळाच्या कडेला, काडेपेटीची एक काडी रोवली होती. तिच्या टोकाला लाल चिंधी बांधलेली होती.

मैनाबाईंनी वाकून आधी दाणे, मग काडी पाहिली.

ही जागा त्यांनी प्रत्यक्ष कधी पाहिली नव्हती, पण त्यांना ती पाठ होती. अकरा वर्षांपूर्वी सर्जेरावांच्या गाडीखाली रुळाची दुरुस्ती करणारे दोन गँगमन गेले होते. त्यांच्यातला तिसरा, गेनबा, गाडी थांबवायला लाल झेंडी घेऊन उभा होता. तो चुकीच्या जागी, वळणापलीकडे उभा होता, झेंडी दिसली तेव्हा उशीर झाला होता, असं सर्जेरावांनी चौकशीत सांगितलं. मी वळणाच्या अलीकडेच होतो, असं गेनबा म्हणत राहिला. तिथे दुसरं कोणी पाहणारं नव्हतं. गेनबाची नोकरी गेली.

"ही काडी इकडं कशी?" मैनाबाईंनी विचारलं. "गेनबा वळणापल्याड होता ना?"

सर्जेराव उठले नाहीत. प्लायवूडला लावलेला गालही त्यांनी काढला नाही.

"अलीकडं होता."

मैनाबाई दारातून आत आल्या.

"लांबनं दिसंल असा उभा होता," ते म्हणाले. "किलोमीटरभर सरळ रूळ हाय तिथं. दिसला असता. माझा डोळा लागला होता. असिस्टंट मागं इंजिन तपासायला गेला होता. मी डोळं उघडलं तेव्हा गेनबा खिडकीच्या खाली होता. पळत होता गाडीबरोबर. झेंडी हलवत."

"आणि तुम्ही..."

"नोकरी होती. लेकीचं लग्न ठरलं होतं."

मैनाबाईंनी कप खिडकीत ठेवला. बाहेर कुणीतरी स्कूटर सुरू करत होतं. ती तीन-चार किकनंतर लागली.

"आज का सांगताय?"

"गेनबा गेला. श्रावणात. जुन्या सोबत्याचा फोन आला होता."

त्या संध्याकाळी मैनाबाईंनी जेवण वाढलं, भांडी घासली. सकाळी त्यांनी नेसायला चांगलं लुगडं काढलं आणि नवऱ्यापुढे इस्त्रीचा सदरा ठेवला.

"त्याची बायको कुठं असती?"

"मैना, आता त्याचा काय उपयोग? माणूस गेला."

"बायको हाय ना?"

स्वारगेटहून त्यांनी सासवडची एसटी धरली. सासवडच्या अलीकडच्या फाट्यावर उतरून गेनबाच्या गावापर्यंत दोन किलोमीटर चालावं लागलं. वाटेत सर्जेराव दोनदा थांबले. दोन्ही वेळा मैनाबाई पुढे जाऊन, मागे न पाहता उभ्या राहिल्या.

गेनबाची बायको सरुबाई ओट्यावर शेंगा फोडत बसली होती. सर्जेरावांनी नाव सांगितल्यावर ती गडबडीने उठली, पदर सारखा केला, आतून घोंगडी आणून अंथरली.

"डायवरसाहेब! एवढ्या लांब आलात? रेल्वेतलं कुणीच आलं न्हाई बघा. तुम्हीच पहिलं."

तिने पाणी दिलं. सर्जेरावांनी तांब्या हातात धरला, पण तो तोंडाला लावला नाही.

"लई तरास झाला का त्यांना?" मैनाबाईंनी विचारलं.

"शेवटी खोकला होता. पण खरा तरास डोक्याचा." सरुबाई पुन्हा शेंगा फोडू लागली. "पहिली दोन-तीन वर्सं म्हणायचे, मी अलीकडंच हुतो, देवाशप्पथ. मग म्हणायला लागले, साहेब एवढा शिकलेला माणूस, ते म्हणत्यात तर आसंन मी पल्याड. आन् शेवटी तर स्वतःच सांगायचे आल्यागेल्याला. म्हणायचे, मीच पल्याड हुतो. माझ्यामुळं दोन जीव गेले."

 मैनाबाईंनी नवऱ्याच्या हातातला तांब्या काढून घेतला आणि खाली ठेवला.

"वहिनी," सर्जेराव म्हणाले. पुढचं त्यांना एका दमात सांगता आलं नाही. डोळा लागल्याचं सांगितलं, मग थांबले. खिडकीखाली पळणारा गेनबा सांगितला, पुन्हा थांबले. चौकशीतलं सगळ्यांत शेवटी सांगितलं, तेव्हा त्यांचा आवाज इतका बारीक झाला होता की सरुबाईला पुढे वाकावं लागलं.

तिच्या मुठीतली शेंग तशीच राहिली.  बराच वेळ ती अंगणातल्या वाळवणाकडे बघत होती. त्यात एक कोंबडी शिरली होती, पण तिने तिला हाकललं नाही.

मग ती उठून आत गेली. भांडी सरकवल्याचा, पेटी उघडल्याचा आवाज आला. परतली तेव्हा तिच्या हातात एक वही होती आणि एक पेन.

"मला वाचता येत न्हाई," ती म्हणाली. "पण माझ्या लेकीला येतंय. तिला सासरी अजून ऐकवत्यात, तुझ्या बापानं दोन माणसं मारली म्हणून. आत्ता जे बोललात ते लिवून द्या."

"वहिनी, माझी पेन्शन..."

सरुबाईने वही त्यांच्यासमोर घोंगडीवर ठेवली. सर्जेरावांनी बायकोकडे पाहिलं. मैनाबाईंनी वहीचं कोरं पान उघडून दिलं आणि ते वाऱ्याने उलटू नये म्हणून वरच्या कोपऱ्यावर बोट दाबून ठेवलं.

"आधी तुमचं नाव लिहा," त्या म्हणाल्या. "पूर्ण."