मिठबावची लाईन

खाटेवरून उठायला गेला तोच दत्तारामच्या डोळ्यांपुढे अंधारी आली, आणि बाहेरच्या खोलीत मिठबाव टेलिफोन एक्स्चेंजच्या बोर्डाची घंटी वाजू लागली. मालवण एक्स्चेंजची ऑपरेटर क्लेमेंटिना! रोज सकाळी तिने विचारायचं, "मिठबाव आसा?" आणि याने म्हणायचं, "आसा." मग याने देवगडला विचारायचं. कुठली लाईन जिवंत, कुठली मेली, हे सगळ्या एक्स्चेंजांनी एकमेकांना कळवायचं आणि त्यावरून कॉल कुठल्या वाटेने काढायचे ते ठरवायचं. उत्तर आलं नाही की लाईन मेली असं धरायचं आणि वळसा घ्यायचा. हा शिरस्ता घालून दिला होता तो दत्तारामनेच.

अंग तापाने फणफणत होतं. घंटी वाजवाजवाजली नि गप्प झाली.

दुपारी ताप उतरला. आता उठून 'आसा' म्हणायला काय जात होतं? पण गडी हट्टाला पेटला. बायको सुगंधा गेल्यापासून आंब्याच्या बागेतल्या या दोन खोल्यांत तो एकटाच. दिवसभर माणसांचे आवाज कानात, पण त्याच्यासाठी म्हणून एक शब्द नाही. 'बघूया तरी,' तो स्वतःशीच म्हणाला, 'दत्ताराम खंय गेलो म्हणान कोण इचारता ता!'

कसलं काय! देवगडचे कॉल कणकवलीवरून वळसा घेऊन मालवणात सुखरूप पोचत होते. गावातल्या चार फोनवाल्यांना पावसात फोन बंद पडणं नवं थोडंच होतं! बसल्या जागी दत्तारामला रडू आलं.

संध्याकाळी अंगणात सायकल वाजली. लाईनमन बाबली! दत्तारामने घाईघाईने डोळे पुसले, चुलीवर चहा ठेवला. बाबली चिखलाच्या पायांनी थेट बोर्डाकडे गेला.

"तार खंय तुटाक नाय, बॅटरी पण बरी आसा," तो पाठमोराच बोलला. "मगे झाला काय?"

"काय नाय."

"पावसान झाला आसतला. येतंय मी."

"अरे, च्या तरी..."

सायकल बागेबाहेर गेलीसुद्धा. दोन कपांचा चहा दत्ताराम एकटाच प्यायला.

सकाळी घंटी वाजली.

"मिठबाव आसा?"

"आसा."

"बरा झाला रे बाबा! काल आमी सगळा कणकवलेसून फिरवला. कोणाचा कायएक अडला नाय."

'माका ताप इल्लो,' हे ओठांवर आलेलं दत्तारामने गिळलं. क्लेमेंटिनाचा तरी काय दोष? इतक्या वर्षांत त्याने तरी कुणाला लाईनीपलीकडचं काही विचारलं होतं?

त्याने देवगडला घंटी दिली. तिकडे ऑपरेटर महादू होता.

"देवगड आसा?"

"आसा."

दत्तारामने लाईन सोडली नाही.

"आणि तू रे, महादू? तू बरो आसस मां?"



"कोणाक?" महादू म्हणाला. "माका इचारतस?"