सोनूबाईचं मत

"तुमच्यापैकी एकालाही हे खरं वाटणार नाही," मी पुस्तक टेबलावर आपटत म्हणालो, "पण सोनूबाईनं ही कादंबरी वाळत घातलेले बोंबील राखता राखता संपवली. तीही मोठ्यानं वाचून. कावळे बोंबील विसरले! रांगेनं बसून ऐकत होते. नायिकेचं बाळ गेलं त्या पानाला एक म्हातारा कावळा उठून गेला. त्याला सोसेना."

"फेकू नका हो गणूकाका," उमेश जांभई देत म्हणाला. तारापूरच्या कारखान्यातली रात्रपाळी संपवून तो थेट इथे आला होता. "जिओ आल्यापासून माणसं ऐकत नाहीत, कावळे कुठले ऐकतात!"

चिंचणीच्या वाचनालयात दर शनिवारी आम्ही चौघं जमायचो. कोण काय वाचतंय ते सांगायचं, आवडलं तर पुस्तक पुढच्याच्या हातात द्यायचं. सोनूबाई सुकी मासळी विकणारी, शाळा चौथीपर्यंत. पण तिनं नाक मुरडलेल्या पुस्तकाला पुन्हा कोणी हात लावत नसे.

दोन महिन्यांपूर्वी साखरेनं तिची नजर नेली. हे फक्त मला ठाऊक, कारण पुस्तकं तिच्या घरी पोचवणारा मी.

"कोणाला बोललास तर बघ," तिनं बजावलं. "केळी घेऊन येतील मेले, अन् उशाशी बसून बारीक आवाजात बोलतील."

"मग मी वाचून दाखवतो."

"तू? तू मधेच वाघ घालशील." मग म्हणाली, "तूच वाच. मी काय म्हटलं असतं ते तूच सांग. माझी खुर्ची तेवढी राहू दे."

तेव्हापासून जन्मभर टेम्पो हाकून दमलेले माझे डोळे रडक्या बायकांच्या कादंबऱ्यांत अडकलेत. मला खरं तर शिकारीच्या गोष्टी लागतात. त्यात तिच्यासारखं मत द्यायचं म्हणजे आधी तिच्यासारखं चिडावं लागतं. या वयात ते झेपत नाही.

"कावळ्याचं जाऊ द्या ने, काका," हिना म्हणाली. ती ब्लाउज शिवते. घरी गुजराती, इथे मराठी. "मावशी काय बोलली ते सांगा."

"म्हणाली, नायिका बावळट. नवरा गेला, पण घरात होडी होती, जाळं होतं. रडायला वेळ कुठून मिळाला मेलीला? हिनाला दे म्हणाली. तिलाही असल्या बायांचा राग येतो."

उमेश खो खो हसला. "ही मावशीच! शंभर टक्के. कधी येतेय ती?"

"येईल की. बोंबलांचा हंगाम सरू दे."

मी जरा सैल झालो, तंबाखू मळायला घेतली. हा शनिवार निभावला.

हिनानं पुस्तक उघडलं. चार पानं चाळली. मग ते नाकाशी नेलं. मधलं पान उघडून पुन्हा नाकाशी नेलं.

"काका, मावशीकडून आलेलं पुस्तक मी आधी उन्हात ठेवते, मग वाचते. एवढा सुक्या मासळीचा वास असतो त्याला," ती म्हणाली. "ह्याला तंबाखूचा येतोय, हल्लीच्या सगळ्यांनाच येतो. हे तुम्ही वाचलंय."

उमेशची जांभई अर्ध्यावर थांबली.

"मावशी वाचतच नाही ने आता?"